जुन्या संगणकाचा नवा कारभारी

बीड जिल्ह्यातले धर्मापुरी अभ्यासकांना ठाऊक आहे ते केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे आणि किल्ल्यामुळे. अशा कुठल्याही मोठ्या गावात आज आणखी एका प्रकारची जुनी वस्तू हमखास सापडते. शाळेच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात किंवा एखाद्या घराच्या कोपऱ्यात, प्लास्टिकचे कव्हर घालून ठेवलेला, आठ-दहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला संगणक. त्याच्याबद्दल विचारले तर उत्तरे ठरलेली असतात : ‘स्लो झालाय’, ‘सारखा हँग होतो’, ‘आता नवाच घ्यावा लागेल’. यात एक कोडे आहे. संगणकाचा प्रोसेसर पहिल्या दिवशी एका सेकंदात जितकी आकडेमोड करत होता, तितकीच आजही करतो. रॅमची जागा आक्रसलेली नाही. पंख्यात धूळ साचते, हार्ड डिस्क कधीतरी दगा देते, हे खरे. पण बाकीच्या यंत्रात झिजण्यासारखे फारसे काही नसते. तरीही तो म्हातारा का ठरतो?

कोड्याचे निम्मे उत्तर एका तारखेत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’साठी नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट्स देणे थांबवले. पुढची पायरी ‘विंडोज ११’ची. तिला टीपीएम २.० नावाची, कुलपे-किल्ल्या सांभाळणारी सोय यंत्रात असावी लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या शेवटी-शेवटी बाजारात येऊ लागलेला किंवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे २०१५ साली घेतलेला, एकदाही दुरुस्तीला न गेलेला संगणक कागदोपत्री एका दिवसात कालबाह्य झाला. तो बिघडला नव्हता. त्याच्यावर बसवलेल्या प्रणालीची मुदत संपली होती. संगणकाचे आयुष्य यंत्रापेक्षा ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुदतीने ठरते, आणि ती सिस्टिम बदलणे आपल्या हातात आहे, एवढे या लेखाचे म्हणणे आहे. मात्र त्यालाच जोडून दुसरेही एक म्हणणे आहे. हा बदल यशस्वी होतो की फसतो, ते सॉफ्टवेअरच्या गुणांवर फार कमी ठरते. त्या यंत्रावर कोणती कामे करायची आहेत आणि अडले तर गावात विचारायला कोण आहे, यावर ते जास्त ठरते.

कारभारी आणि गढी

मराठवाड्यातल्या गढीचा एक कारभारी असे. कोठार त्याच्या ताब्यात, कुणाला किती धान्य द्यायचे ते त्याच्या वहीत, आणि आलेल्या-गेलेल्याला कुठे बसवायचे हेही तोच ठरवणार. धनी बदलला नाही, भिंती बदलल्या नाहीत, तरी कारभारी बदलला की गढीचा सगळा रागरंग बदलायचा. ऑपरेटिंग सिस्टिम हा संगणकाचा कारभारी. हार्ड डिस्क हे त्याचे कोठार, आणि रॅम ही काम मांडून बसायची ओसरी. ब्राउझर, पत्र लिहायचा प्रोग्राम, गाण्यांचा प्रोग्राम यांपैकी कुणीही थेट कोठारात शिरत नाही. प्रत्येकाला कारभाऱ्याकडे मागणी करावी लागते. दोन प्रोग्रामना एकाच वेळी प्रिंटर हवा असेल तर रांग तोच लावतो, एखाद्याने दुसऱ्याच्या जागेवर हात टाकला तर तोच हटकतो.

या कारभाराच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात, आणि विंडोजच्या जागी बसवता येणारे लिनक्स हे काटेकोरपणे बोलायचे तर अशाच एका कर्नलचे नाव आहे. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण हौसेखातर अशी एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याच्या भोवती लागणारी बरीचशी अवजारे रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘ग्नू’ प्रकल्पाने १९८३ पासून तयार करायला घेतली होती. कर्नल, ही अवजारे, पडद्यावर दिसणारी खिडक्या-बटणांची मांडणी आणि रोजचे प्रोग्राम असा सगळा संच एकत्र बांधून देतात, त्याला ‘डिस्ट्रिब्यूशन’ किंवा नुसते ‘डिस्ट्रो’ म्हणतात. डेबियन १९९३ चा, उबुंटू २००४ चा, लिनक्स मिंट २००६ चा. नावे वेगळी असली तरी आतला कर्नल एकच. नवशिक्याने डिस्ट्रोंच्या तुलनेत आठवडे घालवण्याची काही गरज नाही; मिंट किंवा उबुंटू घ्यावा आणि पुढे चालावे.

‘हे तज्ज्ञांचे काम, आपल्याला झेपायचे नाही,’ हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर खिशातच आहे. अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सचाच कर्नल आहे. म्हणजे धर्मापुरीच्या बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा यूपीआयचे पैसे घेताना बहुधा लिनक्सच वापरत असते. दुसऱ्या टोकाला, जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक यंत्र लिनक्सवर चालते. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ २०२० मध्ये त्या यादीत ६३ वा होता. तेव्हा ‘अवघड’ आणि ‘सोपे’ हे लिनक्सचे गुणधर्म नाहीत. फोन सोपा वाटतो कारण तो दुकानातून तयार होऊन येतो. संगणकावर मात्र ते आपल्याला बसवावे लागते. अडचण वापरण्यात कमी आणि बसवण्यात जास्त आहे. म्हणून बसवताना नेमके काय घडते हे समजून घेतले की भीतीचा मोठा भाग निघून जातो.

बटण दाबल्यावर

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी विंडोजही जागे होत नाही आणि लिनक्सही नाही. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये साठवून ठेवलेला प्रोग्राम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो रॅम आहे का, कीबोर्ड जोडला आहे का हे तपासतो आणि मग एका ठरलेल्या क्रमाने डिस्क, पेनड्राइव्ह, डीव्हीडी असे चाचपत जातो : कारभार हाती घेणारा कुणी इथे आहे का? पहिला जो सापडेल त्याच्या हाती किल्ल्या. तिथला एक लहानसा प्रोग्राम, ‘बूटलोडर’, कर्नलला उचलून रॅममध्ये आणून बसवतो. कर्नल एकेका भागाची ओळख करून घेतो आणि शेवटी आपल्याला परिचयाचा पडदा दिसतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या चिपला कारभारी कुणाच्या घराण्यातला आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. पेनड्राइव्हचा नंबर आधी लावला तर संगणक पेनड्राइव्हवरून सुरू होईल. याच सोयीवर ‘लाइव्ह’ पद्धत उभी आहे. लिनक्सचा अख्खा संच दाबून-घडी करून पेनड्राइव्हवर ठेवलेला असतो. तो फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. सुरू झाल्यावर जे काही बदल होतात ते रॅममध्ये तात्पुरते टिपले जातात, आणि संगणक बंद केला की पुसले जातात. हार्ड डिस्कला हात लागलेला नसतो. नवा कारभारी एक दिवस ओसरीवर बसून काम करून दाखवतो. कोठाराचे कुलूप जसेच्या तसे. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे सगळे काही न गमावता पाहता येते. ज्या विक्रेत्याला आपल्या मालाची खात्री नसते तो अशी सोय देत नाही, हेही इथे नोंदवून ठेवावे.

यात दोन ठिकाणी पाय घसरू शकतो. नव्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारा असतो. तो ओळखीची सही असलेल्या बूटलोडरलाच आत सोडतो. उबुंटू, फेडोरा, डेबियन आणि मिंट यांच्याकडे ती सही असते; आडवाटेच्या डिस्ट्रोंसाठी पहारा उठवावा लागतो. दुसरे, काही लॅपटॉपवर विंडोजने डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद केलेली असते. बूटच्या सेटिंगमध्ये फेरफार केल्यावर विंडोज अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती आधीच लिहून ठेवलेली नसेल तर पुढे जाऊ नये.

वेगाबद्दल खरे काय

लिनक्स टाकले की जुना संगणक धावू लागतो, असे उत्साही लोक सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. लिनक्स मिंटच्या हलक्या, ‘एक्सएफसीई’ आवृत्तीला कमीत कमी दोन जीबी रॅम पुरते, आरामात चालायला चार जीबी हवी. मागे गुपचूप चालणारी कामे कमी असतात, म्हणून सुरुवातीचा पडदा लवकर येतो आणि पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, पीडीएफ वाचणे ही कामे सुखाने होतात. पण आजचा ब्राउझर स्वतःच रॅमचा खादाड गिऱ्हाईक आहे. यूट्यूब आणि चार सरकारी पोर्टल एकदम उघडली तर दोन जीबीची ओसरी कुठल्याही कारभाऱ्याच्या राज्यात अपुरीच पडणार. शिवाय जुन्या संगणकाच्या मंदपणाचे सर्वांत मोठे कारण पुष्कळदा फिरती हार्ड डिस्क हे असते. तिच्यात तबकडी फिरते आणि वाचणारा काटा जागा शोधत मागेपुढे पळतो. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवली तर विंडोजही सुधारते. पैसे थोडे असतील तर ते आधी एसएसडीवर घालावेत आणि मग लिनक्स टाकावे, हा क्रम मला जास्त शहाणपणाचा वाटतो. बत्तीस-बिट काळातल्या फारच जुन्या यंत्रांचा मात्र नाद सोडावा. उबुंटूने त्यांच्यासाठीच्या आवृत्त्या केव्हाच थांबवल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ते दार लावून घेतले.

फुकट कसे परवडते?

गावात लिनक्सची खरी स्पर्धा विकतच्या विंडोजशी कधी नव्हतीच. ती होती फुकटातल्या विंडोजशी. तालुक्याच्या ठिकाणी संगणक दुरुस्तीला नेला की ‘फॉरमॅट करून विंडोज मारून देतो’ हे वाक्य ऐकू येते, आणि दोन-चारशे रुपयांत जे ‘मारून’ मिळते त्याचा परवाना क्वचितच कुणी पाहतो. बेकायदा प्रत चालू करण्यासाठी जो ‘क्रॅक’ वापरतात, तो चालवताना आपण एका अनोळखी प्रोग्रामला घराच्या सगळ्या किल्ल्या देत असतो; अँटिव्हायरस बंद करा, ही त्याची पहिली अट असते. बँकेचे पासवर्ड त्याच संगणकावर टाकायचे असतील तर ही स्वस्ताई महागात पडू शकते.

लिनक्सचे फुकटपण वेगळ्या जातीचे आहे. प्रोग्राम माणसांनी वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असतो. त्याला ‘सोर्स कोड’ म्हणतात. बहुतेक कंपन्या तो तिजोरीत ठेवतात. लिनक्सचा कर्नल १९९२ पासून ‘जीपीएल’ या परवान्याखाली आहे. कुणीही तो वापरावा, वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. अट एकच की बदललेली प्रत दुसऱ्याला दिली तर तिचा कोडही त्याला द्यायचा. ‘मग लिहिणाऱ्यांचे पोट कसे चालते?’ हा रास्त प्रश्न आहे, आणि ‘समाजसेवा’ हे त्याचे उत्तर नाही. कर्नलमध्ये रोज भर घालणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी अभियंते आहेत. या कंपन्यांचा धंदा चिपवर, सर्व्हरवर किंवा सेवेवर चालतो. पायाची प्रणाली प्रत्येकाने वेगळी लिहिण्यापेक्षा सामाईक लिहिणे त्यांना स्वस्त पडते. धर्मापुरीतल्या शाळेला मिळते ते या व्यवहाराचे उरलेले फळ. पण त्यात परवान्याची चोरी नाही आणि उपकाराचे ओझेही नाही.

याच रचनेतून सुरक्षिततेचा एक फायदा निघतो. लिनक्समध्ये प्रोग्राम हवा असेल तर इंटरनेटवर शोधत फिरून कुठलेही ‘डाउनलोड’ बटण दाबायचे नसते. प्रत्येक डिस्ट्रोचे स्वतःचे कोठार असते, त्यातल्या संचांची खातरजमा डिजिटल सहीने होते, आणि ती जुळली नाही तर संगणक तो बसवायला नकार देतो. व्हायरस येतच नाही असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. मात्र व्हायरसची सर्वांत वर्दळीची वाट इथे मुळातच वापरावी लागत नाही.

मराठी कशी उमटते

पडद्यावर मराठी नीट दिसणे ही गोष्ट आज इतकी सहज झाली आहे की तिच्यामागचे श्रम विसरले जातात. युनिकोडमध्ये ‘दुसऱ्या’ हा शब्द साठवला जातो तो सुट्या खुणांच्या माळेने : द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. त्यातल्या ऱ आणि हलन्ताचा अर्धचंद्रासारखा ‘ऱ्’ करून तो य च्या आधी बसवायचा, हे कुणीतरी त्या क्षणी ठरवावे लागते. उकार अक्षराच्या खाली, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, हे सगळे नियम त्यातच येतात. अक्षरजुळणीचे हे काम हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर करते. तेच फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, अँड्रॉइडमध्ये आणि लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचामध्येही बसवलेले आहे. म्हणून मराठीच्या बाबतीत लिनक्स कुठे मागे असेल ही शंका आता निराधार आहे. ज्याला पडताळा घ्यायचा आहे त्याने लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘हृदय’ एवढे तीन शब्द लिहून पाहावेत.

या स्थितीला येण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘इंडलिनक्स’ या प्रकल्पाने भारतीय भाषांतले मेनू, बटणे आणि संदेश तयार करण्याची चळवळ उभी केली. मुंबईच्या सी-डॅकचा ‘जनभारती’ प्रकल्प त्याच वाटेवरचा. रेड हॅटने ‘लोहित’ नावाची फॉन्टमालिका मुक्त परवान्याखाली दिली आणि तिची पुढची बरीच मशागत कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयातून झाली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्टही असेच कुणालाही वापरता येतात. सरकारी पातळीवर सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्ये आणली, तिच्यातही मराठी आहे. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी १९९१ पासून भारतीय मानक आहे : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. विंडोजवर ती येत असेल तर लिनक्सवर नव्याने काही शिकावे लागत नाही. इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहिण्याची सोयही आहे.

खरी पंचाईत होते ती जुन्या कागदपत्रांत. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत केलेल्या मजकुरात मराठी अक्षर मुळात साठवलेलेच नसते. फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरांचे आकडे, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकृतीचा मुखवटा चढवतो. दुसऱ्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की ठराव, दाखले, निवेदने यांची जागा इंग्रजी खिचडी घेते. हा दोष लिनक्सचा नाही. विंडोजवरून विंडोजवर नेतानाही हाच फटका बसतो. तरीही ज्या कार्यालयाचे पंधरा वर्षांचे दप्तर असे आहे, त्याने आधी ते युनिकोडमध्ये वळवून घ्यावे. त्यासाठीचे परिवर्तक उपलब्ध आहेत, पण वळवलेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो.

जिथे गाडे अडते

आतापर्यंतचे वाचून कुणी सगळ्या गावाचे संगणक एका दिवसात बदलायला निघाले तर आठवड्यात जुनेच परत बसवावे लागेल. काही कामे अजून विंडोजला बांधलेली आहेत. दुकानदाराचे टॅली विंडोजसाठी बनते. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्याचे कोरलड्रॉही तसेच. त्याला पर्याय म्हणून लिनक्सवर इंकस्केप आणि गिम्प चांगले आहेत, पण गिऱ्हाइकाची जुनी कोरलची फाइल घेऊन बसलेल्या माणसाला ते सांगण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीत डिजिटल सहीचे टोकन लागते आणि सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेणारे यंत्र. त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची आणि सिस्टिमची बोली एकमेकांना समजावणारे दुभाषे प्रोग्राम, पुरवठादार बहुधा विंडोज धरूनच देतात. प्रिंटरचेही तेच. एचपीचे बहुतेक प्रिंटर कंपनीनेच दिलेल्या मुक्त ड्रायव्हरमुळे जोडताक्षणी चालतात. गावोगावच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र स्वतःची वेगळी भाषा बोलतो आणि लिनक्सवर त्याला वळण लावायला खटपट करावी लागते.

एमएस-सीआयटीचा मुद्दा याहून गंभीर आहे. राज्यातल्या लाखो तरुणांची संगणकाशी पहिली शिस्तशीर ओळख एमकेसीएलच्या या अभ्यासक्रमातून झाली, सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि वर्गातला संगणक बहुधा विंडोजचा असतो. ‘मुलांना नोकरीत जे लागते तेच शिकवा’ असे पालक म्हणतात ते अडाणीपणाने नव्हे. पण नोकरीत काय लागते ते नीट पाहायला हवे. फाइल कुठे ठेवली ते सापडणे, तक्त्यात सूत्र घालणे, तक्रार-अर्ज सुबक मांडणे, फसवी लिंक ओळखणे ही कौशल्ये कोणत्याही सिस्टिमवर शिकता येतात. विंडोजची बटणेही दर आवृत्तीला जागा बदलतात. ‘विंडोज ७’वर शिकलेल्या मुलाला ‘विंडोज ११’चा स्टार्ट मेनू नवाच होता, तरी त्याचे अडले नाही. लिबरऑफिस वर्डची फाइल उघडते, पण गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी कधी सरकते. म्हणून बाहेर पाठवताना पीडीएफ करून पाठवावी.

यावरून निष्कर्ष असा की सुरुवात यंत्रापासून करू नये, कामांच्या यादीपासून करावी. ज्या संगणकावर फक्त ब्राउझर, पत्रे, तक्ते आणि व्हिडिओ चालतात, म्हणजे शाळेची लॅब, ग्रंथालय, घरचा विद्यार्थी, तो पहिला उमेदवार. टॅलीचा आणि टोकनचा संगणक शेवटी, किंवा कधीच नाही. एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम ठेवून सुरू करताना निवडण्याची ‘ड्युअल बूट’ ही सोयही आहे. मात्र एका वेळी एकच कारभारी गादीवर बसतो, हे ध्यानात ठेवावे.

> चौकट : पहिला दिवस
>
> लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून एक्सएफसीई आवृत्तीची आयएसओ फाइल उतरवून घ्यावी. ती सुमारे तीन जीबीची असते, त्यामुळे चांगले नेट असलेल्या ठिकाणी उतरवणे बरे. आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन रुफस किंवा बलेनाएचर या मोफत प्रोग्रामने ती फाइल त्यावर चढवावी; नुसती कॉपी करून चालत नाही. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. संगणक सुरू करताना बूटची यादी आणणारी कळ दाबावी : डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी तपासावे, आणि दोन-तीन दिवस असेच वापरावे. पसंत पडले तरच बसवावे. त्याआधी फोटो, कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावीत, कारण ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यावर परतीचा रस्ता नाही.

यंत्राशेजारचा माणूस

महाराष्ट्रातल्या खेड्यात मुक्त प्रणाली मुलांच्या हाती देण्याचा एक ठळक प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या वाडीवजा गावात झाला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे भारतातले ते सुरुवातीचे ठिकाण. लहान एकशिक्षकी शाळा आणि प्रत्येक मुलाच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचा छोटा लॅपटॉप. त्यावर विंडोज नव्हते; फेडोरा लिनक्सवर उभारलेली, मुलांसाठी रचलेली ‘शुगर’ नावाची मांडणी होती. आदल्याच वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याने हा प्रकल्प देशभर राबवायला नकार दिला होता. खैरातच्या मुलांना लॅपटॉप हाताळायला अजिबात वेळ लागला नाही, हे तेव्हाच्या वार्तांकनात ठळकपणे आले. मात्र हाताळता येणे आणि शिकणे यांत अंतर असते. पेरू देशात याच लॅपटॉपांचे वाटप प्रचंड प्रमाणावर झाले, आणि तिथल्या ३१९ शाळांच्या पाहणीवर आधारलेल्या २०१२ च्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर काहीच परिणाम आढळला नाही. यंत्र आणि सिस्टिम दोन्ही चांगली असूनही.

केरळने वेगळ्या टोकाने सुरुवात केली. तिथल्या सरकारी शाळांत गेल्या दोन दशकांपासून लिनक्स आहे, पण त्याआधी आणि त्याबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण, त्यांना शिकवणारे मार्गदर्शक शिक्षक आणि लिनक्स धरून लिहिलेली पाठ्यपुस्तके आली. संगणक अडला तर विचारायला जिल्ह्यात ओळखीचा शिक्षक होता. या फरकाकडे पाहिले की आपल्याकडच्या प्रयत्नांत काय उणे आहे ते दिसते. धर्मापुरीच्या लोकांना ‘विंडोज मारून देणारा’ परळीत किंवा अंबाजोगाईत सापडतो. लिनक्सवर वायफाय बंद पडले तर कुणाकडे जायचे, या प्रश्नाला उत्तर नसेल तर लोक पहिल्याच अडचणीला मागे फिरतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

ही उणीव भरण्यासारखे एक साधन मुंबईतच तयार झाले आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, लिबरऑफिस, गिम्प अशा मुक्त सॉफ्टवेअरवर साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ केले आहेत, आणि त्यांतले बरेच मराठी आवाजात आहेत. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ चालवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात तीच कृती आपण करायची, अशी त्यांची रीत. पाठ एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात. एखाद्या शाळेतले दोन शिक्षक आणि नववीतली चार उत्सुक मुले एवढ्यांनी ते नीट केले तर गावाला लागणारा माणूस गावातच तयार होतो. सहा संगणकांच्या लॅबमध्ये मी आधी दोनच संगणक बदलेन, एक सत्र चालवेन, आणि कोणती अडचण किती वेळा आली याची वही ठेवायला सांगेन. ती वही पुढच्या चार संगणकांचा निर्णय करील.

मुदत यालाही आहे

लिनक्स बसवले म्हणजे जन्माचे काम झाले असे मात्र कुणी समजू नये. लिनक्स मिंटच्या २२ व्या मालिकेला सुरक्षा-अपडेट्स मिळतील ती २०२९ पर्यंत. त्यानंतर तीही मुदतबाह्य होईल आणि पुढची मालिका चढवावी लागेल. फरक इतकाच की त्या वेळी परवान्याचे पैसे लागत नाहीत, आणि नवी मालिका त्या यंत्रावर जड वाटलीच तर दुसरा हलका डिस्ट्रो निवडायची मोकळीक असते. अपडेट मॅनेजर आठवड्यातून एकदा उघडणे, महिन्यातून एकदा महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घेणे, आणि २०२८ च्या उन्हाळी सुट्टीत पुढच्या मालिकेची चाचणी पेनड्राइव्हवरून एका संगणकावर करून पाहणे, ही तीन कामे कुणा एकाच्या नावावर लिहून ठेवावी लागतील. शाळेत बदल्या होतात, म्हणून नावाशेजारी दुसरे नावही असावे, आणि प्रशासकाचा पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात.